जीसीवर आयसोफ्लुरेनचा आकडा उन्हाळ्यात एक अन हिवाळ्यात एक येतोय? मशीन उघडायच्या आधी हे बघा

मे महिना लागला की धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या लॅबवाल्यांचा हा प्रश्न ठरलेला आहे. व्हेपोरायझरचा (आयसोफ्लुरेनसारख्या भुलीच्या औषधाची वाफ ठरलेल्या टक्क्याने देणारं यंत्र) डायल २ टक्क्यांवर अन जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, वायूतले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) दाखवतं १.३. हाच व्हेपोरायझर डिसेंबरात तपासला होता तेव्हा आकडा २ च्या जवळपास आला होता, मग सगळ्यांचं एकच मत पडतं की व्हेपोरायझर गेला. तो सर्व्हिसला जातो, तिकडून ओके होऊन येतो, इकडे लावला की परत १.३. धुळ्याकडच्या एका लॅबवाल्या मित्राचा असाच फोन आला, "भाऊ, मशीन बिघडी गयं वाटस, आते काय करानं?" मशीन चांगलं होतं, व्हेपोरायझर पण चांगला होता. गडबड स्टँडर्डमध्ये (माहीत प्रमाणाचा गॅस, ज्याच्याशी तुलना करून सॅम्पलचा आकडा काढतात) होती, अन ती गडबड इतक्या ठिकाणी सापडते की एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं.

मी हे लिहितोय ते साध्या लॅबसाठी. जुनं जीसी, एफआयडी डिटेक्टर (ज्योतीत जाळून मोजणारा), पॅक्ड कॉलम (घटक वेगळे करणारी भरलेली नळी), हाताने इंजेक्शन, नायट्रोजन-हायड्रोजनचे सिलिंडर, हवेसाठी कॉम्प्रेसर. मास स्पेक नाही, ऑटोसॅम्पलर नाही, भुलीच्या गॅसचा सर्टिफाइड स्टँडर्ड सिलिंडर तर नाहीच. एवढ्यात सुद्धा आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन, हॅलोथेनचं काम चांगलं होतं, फक्त लक्षात ठेवायचं की आकडा हलला तर कारण बहुतेक वेळा इंजेक्शनच्या सुईच्या अलीकडे असतं, पलीकडे नाही. म्हणजे बाटली, फ्लास्क, सिरिंज, रबर अन खोलीचं तापमान. डिटेक्टरचा नंबर सगळ्यात शेवटी.

आता तो १.३ चा हिशोब बघा. बऱ्याच ठिकाणी स्टँडर्ड असं बनवतात की बाटलीत थोडं लिक्विड आयसोफ्लुरेन ठेवायचं, वरची हवा वाफेने भरली की त्यातून सिरिंजने ओढायची अन पातळ करायची, कारण पुस्तकात २० डिग्रीला बाष्पदाब २३८ मिमी (पाऱ्याचे) दिलाय, भागिले ७६०, म्हणजे ३१ टक्के झाले. पण हा आकडा २० डिग्रीचा आहे. २५ डिग्रीला तोच दाब २९५ होतो, ३० ला ३६७, ३५ ला ४५०. म्हणजे ३० डिग्रीच्या खोलीत बाटलीच्या वरच्या हवेत ३१ नाही तर ४८ टक्के आयसोफ्लुरेन आहे अन ३५ ला जवळजवळ ५९ टक्के. तुम्ही ४८ च्या मालाला ३१ चं लेबल लावून कॅलिब्रेशन केलं की सॅम्पल तेवढ्याच प्रमाणात कमी दिसणार, २ गुणिले २३८ भागिले ३६७ करून बघा, बरोबर १.३ येतं. हिवाळ्यात सकाळी लॅबमध्ये २० च्या आसपास असतं म्हणून तेव्हा आकडा जमतो अन सगळ्यांना वाटतं आपली पद्धत बरोबर आहे. भुसावळ-जळगावच्या उन्हात एसी नसलेल्या खोलीत पारा ४० च्या वर जातो, अन आयसोफ्लुरेन ४८.५ ला उकळतं, हॅलोथेन ५० च्या जरा वर. उकळायला टेकलेल्या लिक्विडवरून स्टँडर्ड बनवतोय आपण, आकडा हलणार नाही तर काय होणार.

सेवोफ्लुरेनचं पण तसंच आहे, २० ला १५७, २५ ला १९७. पाच डिग्रीत पाव हिस्सा फरक पडला. ज्यांना हीच पद्धत ठेवायचीय त्यांनी बाटली तासभर पाण्याच्या बाथमध्ये ठरलेल्या तापमानाला ठेवावी, थर्मामीटर बाटलीजवळ पाण्यात बुडवावा, भिंतीवरचा बघू नये, अन त्या तापमानाचा बाष्पदाब वापरावा. बाथ खोलीपेक्षा थंड ठेवला तर उत्तम, कारण बाटली गरम अन सिरिंज थंड असली की वाफ सिरिंजमध्ये परत लिक्विड होते. भागाकार पण ७६० ने न करता त्या दिवसाच्या हवेच्या दाबाने करावा, आपल्याकडे तो ७४० च्या आसपास असतो.

माझं मत विचाराल तर ही पद्धत सोडाच. लिक्विड मोजून टाकायची पद्धत उन्हाळ्यात जास्त भरवशाची. १ मिली लिक्विड आयसोफ्लुरेनची खोलीच्या तापमानाला साधारण २०० मिली वाफ होते (घनता १.५, रेणुभार १८४.५, बाकी साधा गुणाकार), सेवोफ्लुरेनची १८५ च्या आसपास. म्हणजे एक लिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मायक्रोलिटर आयसोफ्लुरेन टाकलं की १ टक्का झाला. दहा लिटरच्या काचेच्या बाटलीत १ मायक्रोलिटर टाकला तर २० पीपीएम (दहा लाखात वीस भाग). इथे तापमान चुकलं तरी फरक तीन-चार टक्क्यांचा पडतो, पन्नासचा नाही.

पण यातही दोन जागा सांभाळायच्या. पहिली म्हणजे फ्लास्कचं खरं माप. एक लिटरच्या खुणेचा फ्लास्क गळ्यापर्यंत भरला तर त्यात एक लिटरपेक्षा जास्त मावतं, अन गॅस तर गळ्यापर्यंतच भरणार ना, म्हणून फ्लास्क कोरडा तोलायचा, बुचापर्यंत पाणी भरून तोलायचा, जो फरक येईल तो मार्करने फ्लास्कवरच लिहून ठेवायचा. दुसरी जागा मायक्रोसिरिंज. गरम खोलीत आयसोफ्लुरेन सिरिंजमध्ये ओढलं की नीट बघा, काचेत लिक्विडच्या मधोमध बारीक बुडबुडा उठतो, तो वाढत जातो अन सुईच्या टोकाला थेंब आपोआप बाहेर येतो, प्लंजरला हात न लावता. म्हणजे ५० च्या खुणेवर ओढलेलं ५० राहिलेलं नसतं. याला उपाय असा की हे काम सकाळी लवकर किंवा एसीच्या खोलीत करायचं, बाटली अन सिरिंज आधी फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवायच्या (बाटली बंद असतानाच, अन पावसाळ्यात बाहेर काढल्यावर बाहेरचं पाणी पुसल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर ओल आत जाते), अन जमलं तर खुणेवर विश्वास न ठेवता सिरिंज टाकण्याआधी अन टाकल्यानंतर तोलायची. ५० मायक्रोलिटर म्हणजे ७५ मिलिग्रॅम, साध्या चार दशांशाच्या तराजूवर आरामात कळतात. तोलताना मात्र सिरिंज थंडगार नको, तिच्यावर दव बसतं अन तेही वजनात येतं. १ मायक्रोलिटर तोलायच्या फंदात पडू नका, आधी वजनावर दाट स्टँडर्ड बनवा अन त्याच्यातून गॅस सिरिंजने पातळ करा. फ्लास्कमध्ये चार काचेचे मणी टाकून ठेवायचे, हलवलं की वाफ नीट मिसळते.

आता रबराचं सांगतो, कारण स्टँडर्ड सुधारूनही बऱ्याच जणांचा आकडा दुपारपर्यंत उतरतच राहतो. हे सगळे भुलीचे वायू रबरात अन बऱ्याच प्लास्टिकात विरघळतात, हॅलोथेन सगळ्यात जास्त, आयसोफ्लुरेन अन सेवोफ्लुरेन त्याच्यापेक्षा कमी पण विरघळतात. रबरी बूच लावलेल्या फ्लास्कमधलं स्टँडर्ड सकाळी १ टक्का असेल तर संध्याकाळी १ टक्का नसतं, ते बुचात गेलेलं असतं. अन उलटं पण होतं, तेच बूच दुसऱ्या दिवशी ब्लँकच्या (नुसत्या हवेच्या) फ्लास्कला लावलं की ब्लँकमध्ये पीक (आलेखावरचा उंचवटा) येतो अन आपण कॉलमला दोष देत बसतो. सिलिकॉनची नळी तर अजिबात नको. टेफ्लॉनचा थर असलेला सेप्टम (सुई टोचायची रबरी चकती) वापरा, पण एकदा सुई टोचली की आतलं रबर उघडं पडतं हे विसरू नका, जास्त टोचलेला सेप्टम फेकून द्यायचा. काचेच्या सिरिंजला अन तोटीला ग्रीस लावायचं नाही, ग्रीस हे वायू पिऊन घेतं.

सॅम्पल कशात भरून येतं ते पण विचारत जा. आमच्याकडे युरिन बॅगमध्ये भरून आलेलं सॅम्पल बघितलंय, कुठे भुलीच्या मशीनची काळी रबरी बॅगच. दोन्हींचा रिपोर्ट देण्यात अर्थ नाही, कारण पीव्हीसी अन रबर दोन्ही वाटेतच गॅस शोषत असतात. नंदुरबारहून सॅम्पल सकाळच्या गाडीत बसवलं तर दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला येईपर्यंत ऊन चढलेलं असतं, तेवढ्या वेळात प्लास्टिकच्या साध्या सिरिंजचा रबरी दट्ट्या आपला वाटा घेऊन बसतो. काचेची सिरिंज तोटी बंद करून पाठवली, किंवा टेडलरची (गॅस सॅम्पलसाठीच्या खास प्लास्टिकची) बॅग वापरली, अन त्याच दिवशी इंजेक्ट केली तर काम होतं. सॅम्पल आल्या आल्या टोचू नका, स्टँडर्डच्या शेजारी टेबलवर तासभर ठेवा. ४० डिग्रीच्या १ मिलीमध्ये २० डिग्रीच्या १ मिलीपेक्षा सहा-सात टक्के गॅस कमी मावतो, दोन्ही एकाच तापमानाला आले की हा फरक आपोआप कटतो.

व्हेपोरायझर तपासताना सॅम्पल घ्यायच्या वेळी ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) तापमान पण लिहून मागवा. व्हेपोरायझरमध्ये तापमानाची भरपाई करायची सोय असते पण तिला मर्यादा आहे, एसी बंद पडलेल्या ओटीत तो खरंच जास्त देऊ शकतो. फ्लो ४-५ लिटर ठेवून काही मिनिटं वाहू द्यायचा, मगच सॅम्पल, अन बाहेर निघणारा गॅस खिडकीबाहेर सोडायचा, खोलीत नाही.

एवढं करूनही आकडा हलला तर मग डिटेक्टर की सॅम्पल हे ठरवायची एक सोपी युक्ती आहे, अन हिला काही खर्च येत नाही. सिगारेट लायटरमधला ब्युटेन. स्टँडर्डच्या फ्लास्कमध्येच थोडा ब्युटेन टाकायचा, आधी दोघांचे पीक वेगवेगळे येतात ना ते बघून घ्यायचं. मग दिवसभर अधूनमधून तेच इंजेक्ट करत राहायचं. आयसोफ्लुरेन अन ब्युटेन दोन्ही सारख्याच प्रमाणात उतरले तर इंजेक्शन गळतंय किंवा डिटेक्टर मंदावलाय. ब्युटेन जवळपास जागेवर आहे अन एकटं आयसोफ्लुरेन उतरतंय, तर डिटेक्टरला हात लावू नका, माल बुचात नाहीतर सिरिंजमध्ये जातोय. जेवढ्या लोकांना हे करायला सांगितलं त्यातल्या बऱ्याच जणांची एफआयडी उघडायची वेळच आली नाही.

रिटेन्शन टाइम (इंजेक्शनपासून पीक येईपर्यंतचा वेळ) पण बोलतो. पीकचा वेळ जागेवर आहे अन फक्त एरिया बदलतोय तर ते मालाचं प्रमाण आहे. वेळ पण सरकतोय तर फ्लो किंवा ओव्हन. इंजेक्शन पोर्टचा सेप्टम गळका झाला की दोन्ही होतं. आपल्याकडे व्होल्टेज दुपारी पडतं, पंप चालू झाले की अजून पडतं, स्टॅबिलायझर नसेल तर ओव्हन ठरलेल्या तापमानाला टिकत नाही, म्हणून लाईट जाऊन आल्यावर लगेच इंजेक्शन मारू नका, बेसलाइन (पीक नसतानाची आलेखाची रेघ) सरळ झालेली दिसू द्या. कॉम्प्रेसर जर त्याच खोलीतली हवा ओढत असेल तर तुम्ही बाटली उघडली की वाफ एफआयडीच्या हवेतूनच आत जाते अन बेसलाइन उठते, यावर इलाज एकच, कॉम्प्रेसरची तोंडची नळी बाहेर काढा अन बाटल्या फ्यूम हूडमध्येच उघडा.

अन खरंच डिटेक्टरच निघाला तर त्याचं कारण पण या वायूंमध्येच आहे. फ्लोरिन असलेले पदार्थ ज्योतीत जळले की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, ते जेट अन कलेक्टरला हळूहळू खातं, पांढरट थर धरतो. जास्त टक्क्यांची सॅम्पल रोज मारत असाल तर साफसफाईचे दिवस ठरवून घ्या अन एक्झॉस्ट बाहेर काढा. टक्क्यांच्या सॅम्पलसाठी १ मिली इंजेक्ट करायची गरज पण नसते, ०.१ मिली पुरतं, जेट जास्त टिकतो.

हॅलोथेनमध्ये अजून एक भानगड आहे, थायमॉल. हॅलोथेन टिकावं म्हणून त्यात ०.०१ टक्के थायमॉल घातलेलं असतं अन ते २३२ डिग्रीला उकळतं, म्हणजे हॅलोथेन केव्हाच उडून जातं अन थायमॉल मागे राहतं. लिक्विड इंजेक्ट केलं तर ते कॉलममध्ये साचतं अन नंतर कधीतरी रुंद, पसरट पीक म्हणून बाहेर येतं ज्याचा काही पत्ता लागत नाही. शक्य तिथे वाफच इंजेक्ट करा, अन दिवसाच्या शेवटी कॉलमच्या मर्यादेत ओव्हन चढवून ठेवा.

पीक कोणाचा आहे हे उत्कलनबिंदूवरून ठरवू नका. जास्त फ्लोरिन असलेले रेणू कॉलमवर आपल्या अंदाजापेक्षा लवकर निघू शकतात. प्रत्येक एजंट (भुलीचा वायू) एकेकटा मारून वेळ नोंदवा, सोबत स्पिरिट अन आयसोप्रोपिल अल्कोहोल पण मारून घ्या. ओटीच्या हवेत हँडरबचा वास कायम असतो अन एफआयडी अल्कोहोलला या फ्लोरिनवाल्या इथरपेक्षा जास्त जोरात उत्तर देतो, त्यामुळे अल्कोहोलचा पीक आयसोफ्लुरेनच्या पोटात घुसला की ओटीत गळती आहे असा खोटा रिपोर्ट जातो.

ओटीच्या हवेचं काम व्हेपोरायझरपेक्षा वेगळं आहे. अमेरिकेच्या नायॉशने (कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था) १९७७ मध्ये सुचवलेली मर्यादा हॅलोजनवाल्या भुलीच्या वायूंना २ पीपीएम आहे, अन सोबत नायट्रस ऑक्साइड वापरत असाल तर ०.५. दवाखान्यातला गॅस मॉनिटर ओटीच्या कोपऱ्यात धरून ०.० दिसलं म्हणून हवा चांगली आहे असं सांगणारे भेटतात, त्यांना समजावून सांगायला हवं की त्या मॉनिटरवरचा ०.१ म्हणजे १००० पीपीएम. तिथे रोज उभं राहणाऱ्या सिस्टर, वॉर्डबॉय अन भूलतज्ज्ञांसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे, त्यात अंदाजपंचे चालणार नाही.

अन इथे जुन्या एफआयडीची दमछाक होते. २ पीपीएमच्या १ मिली हवेत आयसोफ्लुरेन भरतं साधारण १५ नॅनोग्रॅम, पीक बेसलाइनच्या खरखरीत हरवून जातो. त्यापेक्षा चारकोलच्या नळीतून १० लिटर हवा हळूहळू ओढा, १ मिली कार्बन डायसल्फाइडमध्ये काढा अन त्यातलं १ मायक्रोलिटर मारा. सगळं निघालं तर दीडशे नॅनोग्रॅमच्या आसपास मिळतं, दहापट, अन एफआयडीला कार्बन डायसल्फाइड फारसं दिसत नाही म्हणून पीक स्वच्छ येतो. नळीचा मागचा भाग वेगळा तपासा, तिथे माल सापडला तर नळी भरून गळालीय, सॅम्पल बाद. पावसाळ्यात दमट हवेत हे लवकर होतं.

कार्बन डायसल्फाइडबद्दल कळकळीने सांगतो. ते ४६ डिग्रीला उकळतं, म्हणजे आपल्या मे महिन्यात बाटली उघडताना आतला दाब फसकन बाहेर येतो. अन ते पेटायला ठिणगी पण लागत नाही, १०० डिग्रीच्या आसपासचा गरम पृष्ठभाग पुरतो. हॉट प्लेट, ओव्हन, जीसीचा गरम इंजेक्टर यांच्याजवळ उघडी बाटली नको. दुपारी हे काम करूच नका, सकाळी हूडमध्ये करा, वायल बर्फावर ठेवा अन लगेच झाकण लावा.

आता एक केस, कारण अशा वेळी जीसीच कामाला येतं. एका तालुक्याच्या दवाखान्यातून आयसोफ्लुरेनच्या व्हेपोरायझरचं सॅम्पल आलं होतं, तक्रार अशी की डायल नेहमीच्याच जागी असतो पण पेशंट खोल जातोय, बीपी पडतंय. मॉनिटर जुना होता, त्याला एजंट ओळखता येत नव्हता, टक्केवारी साधारण डायलएवढीच दाखवायचा म्हणून सगळे निर्धास्त. जीसीवर एकाच्या जागी दोन पीक आले, दुसरा हॅलोथेनचा. कोणीतरी आयसोफ्लुरेनच्या जांभळ्या व्हेपोरायझरमध्ये हॅलोथेन ओतलेलं होतं. या दोघांचा बाष्पदाब २० डिग्रीला जवळजवळ सारखा, २३८ अन २४३, म्हणून टक्केवारी डायलशी जुळते. पण हॅलोथेनची मॅक (ज्या प्रमाणाला निम्मे पेशंट चिरा देताना हलत नाहीत ते) ०.७५ टक्के अन आयसोफ्लुरेनची १.१५, म्हणजे त्याच आकड्यावर भूल कितीतरी खोल जाते. एकूण टक्केवारी बरोबर आहे असं लिहून आपण सॅम्पल परत पाठवलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा. असा दुसरा पीक दिसला की रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघू नका, भूलतज्ज्ञ मॅडम किंवा सर जे कोणी असतील त्यांना त्याच क्षणी फोन करा अन व्हेपोरायझर बाजूला ठेवायला सांगा.

अन नायट्रस ऑक्साइडचं राहिलं. एफआयडीला नायट्रस दिसत नाही. टीसीडी (उष्णतावहनावर चालणारा दुसरा डिटेक्टर) असेल तर टक्क्यांमध्ये दिसेल, पीपीएममध्ये नाही, अन योग्य कॉलम नसेल तर ४४ रेणुभाराचं कार्बन डायऑक्साइड अन ४४ चंच नायट्रस एकमेकांत मिसळतील. म्हणून ओटीच्या हवेचा रिपोर्ट देताना नायट्रसच्या रकान्यात शून्य किंवा "आढळला नाही" असं कधीच लिहू नका, "तपासलेला नाही" असं लिहा, अन जिथे नायट्रस वापरतात तिथे आपल्या आकड्याची तुलना २ शी नाही, ०.५ शी करा.